दोन खात्यांच्या मधलं मूल : गॉर्ड मॅकिंटॉश यांना अनावृत पत्र

श्री. गॉर्ड मॅकिंटॉश,
विनिपेग, मॅनिटोबा, कॅनडा यांस,



आपली ओळख नाही. मी महाराष्ट्रात वकिली करते आणि माझं बरंचसं काम बाल कल्याण समितीपुढे चालतं. घरातून काढलेली, घरी परत पाठवायची, कुठेच पाठवता न येणारी मुलं, आणि त्यांच्या फायली. हे पत्र मी उघडपणे लिहिते आहे, कारण त्यातला मजकूर माझ्या राज्यातल्या लोकांनीही वाचावा असं वाटतं.

तुम्हालाच लिहिण्याचं कारण तुमच्या कारकिर्दीतच आहे. १९९९ च्या ऑक्टोबरात गॅरी डोअर यांचं सरकार आलं तेव्हा तुम्ही मॅनिटोबाचे न्यायमंत्री आणि अटॉर्नी जनरल झालात. २००६ मध्ये ते खातं सोडून कुटुंब सेवा खात्यात गेलात आणि २०१२ च्या सुरुवातीपर्यंत तिथे राहिलात. मग काही काळ पर्यावरण, आणि २०१५ मध्ये पुन्हा न्याय. म्हणजे फौजदारी खटले, सरकारी वकील आणि प्रांताचे तुरुंग ज्या टेबलावरून दिसतात ते टेबल तुमचं होतं, आणि संकटातली मुलं ज्या टेबलावरून दिसतात तेही तुमचंच होतं. आमच्याकडे गृह, विधी व न्याय आणि महिला व बालविकास ही वेगवेगळी खाती. बाप तुरुंगात, आई बेपत्ता आणि पोरगी बालगृहात, अशा घराची तीन कागदपत्रं तीन खात्यांत फिरतात आणि एकमेकांना कधी भेटत नाहीत. दोन्हीकडून तेच घर पाहिलेला मंत्री विरळा.

तुमची सुरुवात मला फार मोलाची वाटते. मंत्री होण्याआधी, आमदार होण्याच्याही आधी, तुम्ही मॅनिटोबा विधानसभेचे उपसचिव होतात. सभागृहाचे नियम कोळून प्यायलेला माणूस. १९९० च्या जूनमध्ये त्या नियमांचं काय होऊ शकतं हे सगळ्या देशाने पाहिलं. ‘मीच लेक’ हा घटनादुरुस्तीचा करार मंजूर करायला २३ जूनची मुदत होती आणि मॅनिटोबाची संमती बाकी होती. क्विबेकला वेगळं स्थान देणाऱ्या त्या करारात मूळनिवासींना कुठे जागाच नव्हती. ठराव मांडायला आधी नोटीस द्यावी लागते, आणि ती अट माफ करायची तर सभागृहातल्या एकूण एक सदस्याचा होकार लागतो. हे एलायजा हार्पर यांच्या बाजूने नेमकं हेरणाऱ्यांत तुम्ही होतात. रेड सकर लेकचे हार्पर, प्रांताच्या विधानसभेतले करारबद्ध मूळनिवासींमधले पहिले आमदार, हातात गरुडाचं पीस धरून जागेवर बसले आणि दररोज ‘नाही’ म्हणत राहिले. त्यानंतर जनसुनावणीचा नियम होता, आणि हजारो नागरिकांनी बोलण्यासाठी नावं नोंदवली. मुदत संपली, करार बारगळला.

एका नियमाच्या एका ओळीने देशाचा पंतप्रधान आणि दहा प्रांतांचे प्रमुख अडवून धरले. दुबळ्याच्या बाजूने नियम कसा वापरावा याचं याहून चांगलं उदाहरण मी माझ्या कनिष्ठ वकिलांना देऊ शकलेले नाही. हे मी आधी सांगते, कारण माझं पुढचं सगळं गाऱ्हाणं नियमांबद्दलच आहे.

न्यायमंत्री म्हणून तुमची पहिली काही वर्षं मला आदराने आठवावीशी वाटतात. थॉमस सोफोनो यांच्यावर १९८१ च्या एका खुनासाठी तीनदा खटला चालला होता. २००० च्या जूनमध्ये पोलिसांनी कबूल केलं की हा माणूस गुन्हेगार नव्हता. सरकारने त्यांची माफी मागितली आणि न्यायमूर्ती पीटर कोरी यांची चौकशी नेमली. पुढच्याच महिन्यात तुम्ही नॉर्वे हाऊसला गेलात.

त्या प्रवासाबद्दल मराठी वाचकांना थोडं सांगायला हवं. हेलन बेटी ऑस्बोर्न ही नॉर्वे हाऊसची क्री जमातीची मूळनिवासी मुलगी. शिक्षिका व्हायचं म्हणून द पा नावाच्या गावात शिकायला आलेली. १३ नोव्हेंबर १९७१ च्या पहाटे चार गोऱ्या तरुणांनी तिला रस्त्यावरून गाडीत ओढलं आणि तिचा खून झाला. ती १९ वर्षांची होती. गुन्हेगार कोण हे गावात कितीतरी जणांना ठाऊक होतं, पण खटला उभा राहायला सोळा वर्षं लागली. चौघांपैकी एकालाच शिक्षा झाली. मॅनिटोबात मूळनिवासी आणि न्यायव्यवस्था यांच्याबद्दल जी मोठी चौकशी झाली, न्यायमूर्ती हॅमिल्टन आणि न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर यांची, ती या प्रकरणामुळे आणि १९८८ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेलेल्या जे. जे. हार्पर यांच्यामुळे. त्यांचा अहवाल १९९१ मध्ये आला, आणि तुमच्या आधीच्या सरकारने त्यातलं फारच थोडं अमलात आणलं.

१४ जुलै २००० रोजी तुम्ही त्या कुटुंबाच्या गावी जाऊन, प्रांताच्या न्यायव्यवस्थेच्या अपयशाबद्दल, सरकारच्या वतीने माफी मागितली. तिच्या नावाने शिष्यवृत्तीही सुरू झाली. राजधानीत पत्रक काढून हे उरकता आलं असतं. तुम्ही गेलात.

ही गोष्ट माझ्या मनाला लागते, त्याला कारण आहे. ऑस्बोर्नच्या खुनानंतर जेमतेम चार महिन्यांनी, २६ मार्च १९७२ च्या रात्री, आमच्या तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. मथुरा खटला म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं. मग १९७९ मध्ये कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना एक अनावृत पत्र लिहिलं. त्यांत रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ही दोन मराठी नावं होती. त्या पत्रातून देशभर आंदोलन उभं राहिलं, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पण राज्याचा एखादा मंत्री त्या मुलीच्या गावी जाऊन ‘आमचं चुकलं’ म्हणाला, असं मात्र घडलं नाही. म्हणून नॉर्वे हाऊसची माफी मी किरकोळ मानत नाही. कायदा बदलणं आणि त्या घरी जाणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं आम्ही केलंच नाही.

तुमचा एक कायदा मी बारकाईने वाचला आहे: सुरक्षित वस्त्यांचा कायदा, २००२ पासून लागू झालेला. शेजारच्या घरात ड्रग्ज विकली जातात किंवा वेश्याव्यवसाय चालतो, अशी तक्रार कुणीही रहिवासी नाव गुप्त ठेवून करू शकतो. प्रांताचे तपासनीस पाळत ठेवतात, आधी घरमालकाशी बोलतात, आणि जमलं नाही तर दिवाणी न्यायालयातून घर ९० दिवसांपर्यंत बंद करण्याचा आदेश मिळवतात. फौजदारी पुराव्याची गरज नाही. कॅनडातला हा पहिला कायदा. नंतर इतर प्रांतांनी तो उचलला. विनिपेगच्या नॉर्थ एंडमध्ये तुमचा सेंट जॉन्स मतदारसंघ होता. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना रात्री झोप मिळावी एवढीच त्यामागची तळमळ असेल, तर ती मला पटते. वस्तीला आपलं ऐकणारं सरकार हवं असतं.

पण न्यायमंत्र्यांनी बंद केलेल्या घरात पोरं असतील तर ती कुठे जातात? हा प्रश्न त्या कायद्याच्या मजकुरात मला सापडला नाही. तो प्रश्न दुसऱ्या खात्याचा होता. २००६ मध्ये तुम्ही त्या दुसऱ्या खात्यात गेलात.

तुम्ही रुजू झालात तेव्हा प्रांत एका नावाने हादरलेला होता. फिनिक्स सिंक्लेअर. पाच वर्षांची मुलगी. जन्मल्यापासून तिची फाईल बाल सेवांकडे होती, ती अनेकदा उघडली आणि अनेकदा बंद केली गेली. ९ मार्च २००५ रोजी दोन कर्मचारी तिच्या घरी गेले. आईशी बोलले. धाकटं बाळ त्यांनी पाहिलं, ते ठीक दिसलं. फिनिक्सला त्यांनी पाहिलंच नाही. तेवढ्यावर फाईल बंद झाली. त्या जूनमध्ये आई आणि सावत्र बापाने फिशर रिव्हर इथल्या घरात तिला मारून टाकलं, आणि पुढचे नऊ महिने ती कुठे आहे हे सरकारातल्या कुणीही विचारलं नाही. मार्च २००६ मध्ये कळलं.

हे वाचताना मला तुमचा तो नोटिशीचा नियम आठवतो. विधानसभेत एक सदस्य ‘नाही’ म्हणाला तर सबंध देशाचा करार थांबतो. आणि बाल सेवांच्या दप्तरात, ज्या मुलीसाठी फाईल आहे तिला डोळ्यांनी पाहिलेलं नसताना फाईल बंद होऊ शकते. तुम्ही नियमांचे जाणकार. हा फरक तुमच्याइतका कुणाला कळला असेल?

तुम्ही काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर २००६ मध्येच सुधारणांचा कार्यक्रम जाहीर झाला, ४ कोटी २० लाख डॉलरचा. कर्मचारी वाढवायचे, फायलींचा बोजा कमी करायचा, प्रशिक्षण द्यायचं. २००९ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं दिसल्यास कळवणं प्रत्येक नागरिकावर बंधनकारक करणारा कायदा तुमच्या प्रांताने सगळ्यात आधी लागू केला. त्यासाठीची तक्रारव्यवस्था, सायबरटिप, तुम्ही न्यायमंत्री असताना २००२ मध्ये मॅनिटोबातच सुरू झाली होती. इथे दोन्ही खाती जुळली आणि त्यातून मुलांचं रक्षण झालं. आमच्याकडे असं कळवण्याचं बंधन २०१२ च्या पोक्सो कायद्याने आलं, म्हणजे तुमच्यानंतर.

तरीही तुमच्या काळातला एक आकडा वर चढतच राहिला. तुम्ही कुटुंब सेवा खातं हाती घेतलंत तेव्हा सरकारी ताब्यातली मुलं सुमारे साडेसहा हजार होती. सोडलंत तेव्हा नऊ हजारांच्या पुढे. आणखी दोन वर्षांत दहा हजार ओलांडले. साडेबारा लाखांच्या आसपास वस्तीच्या प्रांतात हे आकडे, आणि त्यांतली दहापैकी जवळपास नऊ मुलं मूळनिवासी. २००३ च्या कायद्याने मुलांची जबाबदारी चार प्राधिकरणांकडे दिली होती: उत्तरेचे मूळनिवासी, दक्षिणेचे मूळनिवासी, मेटी, आणि बाकीचे सर्वसाधारण. आपली मुलं आपल्या समाजाने सांभाळावीत ही मागणी हॅमिल्टन-सिंक्लेअर अहवालातली होती आणि ती योग्यच होती. पण कारभार सोपवला तरी पैशाचे नियम सरकारच्याच हाती राहिले.

इथे मी थोडी थांबते, कारण मला सगळ्यात जास्त हेच बोलायचं आहे.

कॅनडाचं केंद्र सरकार सरकारी ताब्यातल्या प्रत्येक मुलासाठी खास भत्ता देतं. घरी राहणाऱ्या मुलाच्या आईबापांना जो बालभत्ता मिळतो, त्याच्या जागी हा. तो मुलाला सांभाळणाऱ्या संस्थेकडे येतो, मुलाच्या गरजांसाठी: बूट, सहल, हॉकीची फी, मोठं झाल्यावर हाती काही शिल्लक. २००५ पासून मॅनिटोबा सरकारने हे पैसे संस्थांकडून आपल्या तिजोरीत घ्यायला सुरुवात केली. म्हणणं असं, की मुलांचा खर्च आम्ही करतो, तर भत्ता आमचा. २०१९ पर्यंत हे चाललं. रक्कम ३० कोटी डॉलरच्या वर गेली. मे २०२२ मध्ये मॅनिटोबाच्याच न्यायालयाने हे घटनाबाह्य आणि भेदभावाचं ठरवलं, आणि पुढे सरकारला मोठी भरपाई मान्य करावी लागली.

ही पद्धत सुरू झाली तेव्हा तुम्ही मंत्रिमंडळात होतात. कुटुंब सेवा खात्यातल्या तुमच्या सगळ्या काळात ती चालू होती. ज्याने नॉर्वे हाऊसला जाऊन मान खाली घातली, त्याच्याच खात्याच्या दप्तरातून मूळनिवासी पोरांच्या नावाचे पैसे वळते होत होते. मला ही विसंगती सोडवता येत नाही. तुमच्या हेतूबद्दल मी शंका घेत नाही. अर्थखात्याच्या दबावात एखादी रक्कम कशी ‘आपलीच’ वाटू लागते, हे मी आमच्या मंत्रालयातही पाहिलं आहे. पण मीच लेक थांबवणाऱ्याने हा नियम का थांबवला नाही, हे विचारण्याचा अधिकार त्या मुलांना आहे.

आमच्याकडचं सांगते. आमच्याकडे बालसंगोपन योजना आहे. एक पालक गेलेला, आजारी किंवा तुरुंगात असेल, तर मूल बालगृहात न पाठवता घरीच राहावं म्हणून कुटुंबाला महिना २२५० रुपये. कल्पना उत्तम. परवाच्या एका सुनावणीत ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली एक आजी समोर होती. मुलगा गेलेला, सून निघून गेलेली, दोन नातवंडं. पिशवीतून तिने एकेक कागद काढून टेबलावर मांडला: रेशन कार्ड, शाळेचं बोनाफाईड, मुलाच्या मृत्यूचा दाखला. तहसील कार्यालयातला उत्पन्नाचा दाखला तेवढा नव्हता. घरचे सगळे हंगामात सहा महिने परजिल्ह्यात फडावर असतात, दाखला आणायला कोण जाणार? दाखल्यावाचून अर्ज पुढे जात नाही. तोवर नातवंडं बालगृहात, आणि तिथे त्यांच्या नावाचं अनुदान मात्र बिनबोभाट मंजूर. मुलाला घराबाहेर ठेवायला सरकारकडे पैसे आहेत, घरी ठेवायला दाखला हवा. मॅनिटोबा आणि मराठवाडा यांत हजारो मैलांचं अंतर असेल, पण हा हिशेब दोन्हीकडे एकच आहे.

आणि २०१४. तेव्हा तुम्ही पर्यावरणमंत्री होतात, म्हणून दोष तुमच्या माथी मारत नाही. सॅगकीन्गची टीना फॉन्टेन, पंधरा वर्षांची, बाल सेवांच्या ताब्यात. ताब्यातल्या मुलांना हॉटेलात ठेवणं बंद करू, असं तुमच्या कारकिर्दीत जाहीर झालं होतं. सात वर्षांनी ती हॉटेलातच होती. ८ ऑगस्टला पोलिसांनी एक गाडी अडवली. ती त्या गाडीत होती. तिचं नाव बेपत्तांच्या यादीत होतं, तरी तिला जाऊ दिलं. त्याच दिवशी ती एका पार्किंगमध्ये झोपलेली सापडली, रुग्णालयात नेली गेली, तिथून बाल सेवांची कर्मचारी तिला घेऊन हॉटेलवर गेली. रात्री ती तिथून निघाली. १७ ऑगस्टला रेड नदीत तिचा मृतदेह मिळाला. एका दिवसात पोलीस आणि बाल सेवा, दोघांनी तिला पाहिलं होतं. फिनिक्सला कुणी पाहिलं नाही. टीनाला सगळ्यांनी पाहिलं.

२०१५ मध्ये हॉटेलं खरोखर बंद झाली, तेही ताब्यातल्या दुसऱ्या एका मुलीवर हल्ला झाल्यावर. त्याच वर्षी जूनमध्ये तुमच्या सरकारने, साठच्या दशकापासून मूळनिवासी पोरं उचलून परक्या घरांत दत्तक दिली त्याबद्दल माफी मागितली. माफी मागणारा कॅनडातला पहिला प्रांत मॅनिटोबाच. तेव्हा दहा हजार मुलं ताब्यात होती.

२०१६ ची निवडणूक तुम्ही लढवली नाहीत. २०१७ मध्ये आठवणींचं पुस्तक काढलंत. आता माझी विनंती एवढीच, की आणखी एक लिहा, आणि ते दोन खात्यांबद्दल असू द्या. न्यायमंत्री असताना कुटुंब सेवांची कुठली माहिती तुमच्या टेबलावर येतच नव्हती? खातं बदलल्यावर पहिल्या महिन्यात कुठली गोष्ट पाहून धक्का बसला? हॉटेलांबद्दलचं ते आश्वासन नेमकं कुठल्या खोलीत, कुठल्या कारणाने मोडलं? गोपनीयतेची शपथ पाळूनही यातलं पुष्कळ सांगता येईल, कुणा अधिकाऱ्याचं नावही घ्यायला नको. आयोगांचे अहवाल मी वाचले आहेत. टेड ह्यूज यांनी फिनिक्सच्या चौकशीत ६२ शिफारशी केल्या. पण मंत्र्याच्या खुर्चीवरून ते काम कुठे अडतं, हे कुठलाही आयोग लिहू शकत नाही. ते तुम्हीच लिहू शकता.

आणि लिहाल तेव्हा मुलांच्या भत्त्याचं प्रकरण वगळू नका.

कळावे,

आपली,
बाल कल्याण समितीपुढे उभी राहणारी एक वकील,
महाराष्ट्र